कोणत्याही बंदुकीत चालणारी डाय

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका इन्फन्ट्री बटालियनमध्ये झाली. मी आर्मरर होतो. रायफली तपासायच्या, दुरुस्त करायच्या, परत द्यायच्या. या कामाने माणूस संशयी होतो. "खाली आहे" म्हणून हातात दिलेली रायफलही आम्ही पुन्हा उघडून बघतो. रिटायर होऊन तुमसरला आलो, तरी ही खोड गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्याच्या तराजूचंही इन्स्पेक्शन करता. करतो. बिघडलं काय?

बटालियनच्या शूटिंग टीमचं कामही माझ्याकडे होतं. स्पर्धेसाठी ही टीम आपल्या गोळ्या स्वतः भरायची. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बॅरलच्या तापाने आणि दाबाने फुगते. ती पुन्हा मापात आणायला पोलादी साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. एक डाय फक्त पुंगळीची मान आवळते. अशी पुंगळी ज्या रायफलीतून उडाली, तिच्यातच नेमकी बसते. दुसरी डाय पूर्ण पुंगळी दाबते. मग ती पुंगळी त्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या त्याच मापाच्या, कोणत्याही रायफलीत जाते.

नायक युवराज कापगते टीममध्ये होता. तो आंबागडचा, मी अड्याळचा. एका जिल्ह्याचे, म्हणून तो रोज माझ्या वर्कशॉपमध्ये चहाला यायचा. तो नेहमी मानेचीच डाय मागायचा आणि आपल्या पुंगळ्या कोणाच्यात मिसळू द्यायचा नाही. "बियाचा धान अन् खायचा धान एका कोठीत ठेवते का कोणी?" म्हणायचा. पुढे एका फॉरवर्ड पोस्टवर असताना तो शहीद झाला. त्याची पेटी गावी मीच पोचवली.

गेल्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, त्याचा धाकटा भाऊ दिवाकर माझ्या घरी आला. डुकरं धान खातात म्हणून त्याने ३१५ बोअरच्या रायफलीचं लायसन्स काढलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याने पिशवीतल्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि मोबाईलवर दोन डायींचे फोटो दाखवले.

"भाऊ, यातली कोनती घेऊ?"

"गोळी भरायची परवानगी हाय का तुले?"

"अर्ज टाकला न."

"रायफल किती?"

"एकच."

"मंग मानेची घे. स्वस्त हाय, नेम बी चांगला लागते."

"नाई नाई. ते दुसरी सांगा. कोनत्याबी बंदुकीत चालनारी."

मी चष्मा लावला. एका रायफलीच्या माणसाला दुसऱ्या रायफलीची गोळी कशाला हवी? पुंगळ्या उलट्या करून पाहिल्या. प्रत्येक रायफलीची पिन पुंगळीच्या बुडावर आपली खूण सोडते. काहींवर ती खूण बरोबर मध्ये, काहींवर बाजूला सरकलेली. रायफल एक आणि पिना दोन!

"काहून रे, हे कोनाचे?"

"दोस्ताचे असतीन."

"कोनता दोस्त?"

तो चिडला. "दादा असता तर इतका सवाल-जवाब केला असता का तुमी?"

तेव्हा मला राग आला. मी पुंगळ्या परत पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्याजवळच ठेवली. तो ती न मागताच निघाला, याने माझा संशय दुप्पट झाला.

सकाळी पहिल्या गाडीने आंबागड गाठलं. वाटेत जंगल खात्याचा तपासणी नाका लागतो. चहाच्या टपरीवर सहज विषय काढला. टपरीवाला कौतुकाने म्हणाला, "दिवाकरभाऊची जीप कोनी थांबवत नाई जी. शहिदाची गाडी हाय." चहा मला गोड लागला नाही. जंगलात चोरून शिकार करणारे कोण ते मला माहीत नव्हतं. पण त्यांना दिवाकरची रायफल नको होती, नाका न थांबता ओलांडायला युवराजचं नाव हवं होतं, हे कळलं.

पोलिसांत जाण्याआधी मी त्याच्या आईकडे गेलो. सीताकाकूंना एकच मुलगा उरला होता. तो तुरुंगात गेला तर मी पाठवला असंच होणार. तरी काकूंना सगळं सरळ सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दिवाकर, गाडी काढ. ठान्यात जाऊ."

"बंद हाय गाडी, माय. चालूच नाई होऊन राहिली."

मी बोनेटला हात लावला. गरम होतं.

"काढ म्हनलं न!" काकू कडाडल्या.

काकू पुढे बसल्या, मी मागे. नाक्यावरच्या माणसाने जीप ओळखली, दांडा वर केला आणि सॅल्यूट ठोकला. काकूंनी दिवाकरच्या हातावर हात ठेवून गाडी थांबवली आणि त्या नाक्यावरच्या माणसाला म्हणाल्या,

"बाबू, तो सलाम माया मोठ्या पोराले होता. तो या गाडीत नाई. मागचं झाकन खोल."

खताच्या रिकाम्या पोत्यांखाली चटईत गुंडाळलेली दुसरी रायफल निघाली. तिचं लायसन्स नव्हतं. दिवाकर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला. काकूंनी त्याला जवळही घेतलं नाही आणि बोलही लावला नाही.

ठाण्यात त्याचा जबाब चालू होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. इतक्या वर्षांत काकूंनी मला जे कधी विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं.

"युवराज कसा गेला, बाबू? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. तो गेला त्या दिवशी मी रायफली तपासायला कंपनी बेसवर होतो. रेडिओ सेट शेजारीच होता. युवराजच्या गस्ती तुकडीवर फायर आला. एक जवान जखमी झाला, दोघांनी त्याला उचललं. त्यांना निघता यावं म्हणून युवराज कव्हर फायर देत खडकामागे राहिला. कंपनी कमांडरने विचारलं, "युवराज, तुझी पोझिशन?"

"ठीक आहे, साहेब. त्यांना जाऊ द्या. मी मागनं येतोच. ओव्हर."

त्यानंतर सेटवर त्याचा आवाज आला नाही. ते तिघेही जिवंत परतले. आता घरी पोरंबाळं सांभाळतात.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. आतल्या खोलीकडे, धाकट्याचा आवाज येत होता तिकडे, बराच वेळ बघत राहिल्या.

"युवराजले खोटं बोलताच येत नवतं रे," त्या म्हणाल्या. "जल्मात तेवडंच एक बोलला."