तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्या

मढच्या भाजीमळ्यांवर दिवाळीनंतर जव्हारकडची मुलंमुली कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. शाळा त्यांच्या हातून केव्हाच सुटलेली असते. त्यातल्या चौघांना शिकवायला मी रविवारी मुलुंडहून जायचे. मळ्याच्या मालकीणबाई, आमच्या ख्रिस्ती मावशी, यांच्या ओट्यावर वर्ग भरायचा. चौघांपैकी एकीने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं. पाण्याची मोटर बंद पडली की मावशी तिलाच हाक मारायच्या. तिला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी हवी होती.

मराठीची तोंडी परीक्षा अंधेरीच्या एका शाळेत होती. गैरहजर राहिली तर शून्य, पुन्हा संधी नाही. मी ऑफिसात रजा टाकली आणि यादी केली: हॉल तिकीट, आधार कार्ड, पेन, पाण्याची बाटली, रिक्षासाठी सुटे, डोक्याला तेल कमी. सकाळी मळ्यावर पोचले तर वांग्यांच्या मधोमध शाळा उभी होती.

दोन भिंती, एक फळा, बाकांच्या रांगा. मावशींनी मळ्याचा तो कोपरा शूटिंगला भाड्याने दिला होता. आणि तिसऱ्या बाकावर निळा गणवेश घालून, लाल रिबिनी बांधून माझी परीक्षार्थी बसली होती.

“अगं, तू इथे काय करतेस?”

“शाळेत बसलेय, बाई.” ती रडवेली झाली होती. “काल म्हणले, पाच मिन्टं बस. आता उठूच देत नाय.”

वॉकीटॉकीवाला असिस्टंट धावत आला. “मॅडम, फ्रेमच्या बाहेर व्हा ना!”

“हिला परीक्षेला जायचंय.”

“नाही जमणार. कंटिन्युइटी आहे. काल हिच्या वेण्या शॉटमध्ये आल्यात. आज गायब झाल्या तर माझी वाट लागेल.”

“आजारी पडली म्हणून दाखवा.”

“स्टोरीत ती आजारी पडत नाही, मॅडम. स्टोरीत ती रोज शाळेत येते.”

मावशी कमरेला हात लावून पुढे आल्या. “काय रे, मी तुला मळा दिला भाड्यानं. पोर नाय दिली!”

“मावशी, पोर कोणाला पाहिजे? मला फक्त पाठ पाहिजे.”

“म्हणजे चेहरा दिसत नाही?” मी विचारलं.

“अजिबात नाही. कॅमेरा मागे आहे.”

“मग माझी पाठ घ्या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, राग मानू नका, पण जरा रुंद आहे.”

“शेजारची सरकेल.”

कपडे सांभाळणाऱ्या दादांनी एक जादा गणवेश पुढून उभा फाडला, माझ्या अंगात चढवला आणि सेफ्टी पिनांनी कुर्त्याला टाचला. माझ्या आखूड केसांना दोन खोट्या वेण्या लागल्या. मागून मी नववीतली, पुढून जशीच्या तशी. यादी आणि हॉल तिकीट मी मावशींच्या हातात कोंबलं. चष्मा जवळ नसल्यामुळे त्यांनी यादी न वाचताच दोन्ही कमरेला खोचली. “चल गो, फेरीबोट सुटंल,” म्हणत त्या मुलीला घेऊन जेट्टीकडे पळाल्या.

मास्तरांचं काम करणारे नट फळ्यापाशी उभे राहिले. फळ्यावर लिहिलं होतं: ३/४ + १/४ = ४/८.

“मुलींनो, काहीही झालं तरी शिक्षण सोडू नका!” ते गहिवरून म्हणाले.

माझा हात आपोआप वर गेला.

“कट! ए तिसरा बेंच, हात खाली!”

“उत्तर एक येतं,” मी म्हणाले.

नट दचकले. “मला हेच लिहून दिलंय, ताई.”

असिस्टंटने डोकं धरलं. “मॅडम, काल चार अष्टमांश शूट झालंय.”

“पण ते चूक आहे.”

“चूक असू दे ना यार, सेम पाहिजे!”

उत्तर तसंच राहिलं. मास्तर पुन्हा पुन्हा गहिवरले. दोन टेकच्या मधे बाकावरची शेजारीण मला कोपरखळी मारून म्हणाली, “काकू, खरंच एक येतं?” मी तिला तिच्या डब्यातली पोळी फाडून पाऊण आणि पाव दाखवला. तिला पटलं. मग पुढच्या टेकला तिनेही हात वर केला आणि पुन्हा ओरडा बसला, तोही मलाच.

ऊन चढत गेलं. मान वळवायची नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे जेट्टीकडून कोण येतंय ते दिसेना. फेरीबोट मिळाली असेल का, मावशी रिक्षावाल्याशी भांडत तर बसल्या नसतील, हॉल तिकीट कमरेच्या घामाने भिजलं तर? वहीत लिहिण्याचा अभिनय करायचा होता. मी तेच प्रश्न लिहीत राहिले.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा माझी परीक्षार्थी बाकाशेजारी उभीच होती. मावशी मागून धापा टाकत येत होत्या.

“वेळेवर पोचलात?”

“पोचलो.”

“काय विचारलं?”

“विषय दिला, बोल म्हणले. ‘माझी शाळा’.”

पाचवीनंतर हिने शाळा पाहिली नव्हती. “मग काय बोललीस?”

“हीच सांगितली. आमची शाळा वांग्यात हाय. घंटा नाय, कट म्हणलं की सुट्टी. सरांना तासाला एकदा पावडर लावतात. मी परीक्षेला आले की बाई माझ्या जागेवर बसतात.”

“आणि त्यांनी ऐकून घेतलं?”

“हसले. म्हणले, छान बोलतेस, भिडस्त नाहीस. पण शाळेला छप्पर नाय म्हणल्यावर थांबवलं. म्हणले, असं कुठं असतं का?”

“मग?”

“मग मी छप्पर घातलं.”