सासूबाईंच्या आंघोळीचा पाट
काल माळा आवरताना सासूबाईंचा आंघोळीचा पाट हाती लागला. जयगडला तीस वर्षं मासळी विकलेल्या सासूबाई शेवटी सगळं विसरल्या होत्या. माणसं, घर, जेवण झालं की नाही तेसुद्धा. एकदा आठवडाभर आंघोळीला उठवलं की ओरडायच्या, मला बोचकारायच्या. पाण्याला भीत असतील असं समजून मी दंडाला धरून त्यांना ओढतच न्यायचे. ‘दुखतंय का?’ विचारलं तर ‘नाय’ म्हणायच्या. मग एक दिवस प्रेशर तपासायला नर्सबाई आल्या. म्हणाल्या, ‘नुसतं विचारू नका, उठवताना त्यांच्या तोंडाकडे बघा.’ मी बघितलं. उजवा पाय जमिनीला टेकताच कपाळ आक्रसलं, ओठ घट्ट मिटले आणि हाताने पलंगाची कड आवळून धरली. एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. कधी पडल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सात दिवस मी त्यांना त्याच पायावर चालवलं होतं. इस्पितळात खाटेजवळ बसून मी म्हटलं, ‘आई, माझं चुकलं.’ त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘तू कोणाची गो?’ ‘तुमच्याच घरातली,’ मी म्हटलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण मला अजून रडू आलेलं नाही; काल तो पाट हातात धरूनही नाही.