डब्बाच गाऊन राहिला

दोन कूलर, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं सर्किट, आईच्या खाटेजवळचा बॅटरीचा दिवा आणि आता घरचा नेटवर्क स्टोरेज... एवढं या दोन हातांनी केलेलं आहे. कुठल्याही क्लासला न जाता.

शेवटची वस्तू काय ते सांगतो. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, दोन हार्ड डिस्क, हवेसाठी बारा सेंटिमीटरचा एक पंखा, आणि बाहेरून संत्र्याच्या खोक्याच्या फळ्या, रंधा मारून. त्यातले फोटो, गाणी घरातल्या कुठल्याही मोबाइलवर वायफायने उघडतात. घरी सगळे त्याला 'डब्बा' म्हणतात, मला ते आवडत नाही.

पण डब्ब्यात आहेत माझ्या बाबांच्या अकरा कॅसेटी. बाबा वस्तीच्या गायन मंडळात भीमगीतं म्हणायचे, ढोलकीही त्यांचीच. ते गेल्यावर मी एकेक कॅसेट डब्ब्यात उतरवली आणि दिवाळीपासून आई रोज दुपारी छोट्या स्पीकरवर ऐकायला लागली. एका गाण्याआधी बाबा खोकतात आणि म्हणतात, "पानी दे वं जरा." आई तेवढंच तीन-तीनदा लावायला लावते.

थंडी पडली आणि डब्बा घुमायला लागला. घूंऽऽऽ... सतत. आई म्हणाली, "बापू, तुया डब्बाच गाऊन राहिला. त्याईचा आवाज कुठं हाय?" चौथ्या दिवसापासून तिनं ऐकणंच सोडलं.

मी पांढुर्ण्यात पाणीपुरवठ्यावर पंप ऑपरेटर आहे. बावीस वर्षं मोटरींचे आवाज ऐकतोय, त्यामुळे पंख्याचा आवाज माझ्यासाठी काय मोठी गोष्ट... असं वाटलं. डब्बा अंगणातल्या टेबलावर नेला, उघडला. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. आवाज गायब! आत आणून जागेवर ठेवला... घूंऽऽऽ.

पंखा बदलला. टेबलावर शांत, जागेवर घूं. हार्ड डिस्कखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, स्क्रू अर्धा आटा सैल केले. टेबलावर शांत, जागेवर घूं. दर वेळी मी बायकोला अभिमानाने सांगायचो की झालं काम, आणि दर वेळी ती फक्त "हो का?" म्हणायची.

मग मला ते सुचलं, जे फक्त पंपावरच्या माणसाला सुचतं. थंडीत शेताशेतात मोटरी चालू असतात, गहू आणि संत्र्याच्या बागा पाणी ओढतात, व्होल्टेज पडतं आणि मोटर घुमते. म्हणजे दोष बैठकीतल्या प्लगचा! आठ दिवस वहीत रीडिंग लिहिलं. २१२, २०८, २१५... आवाज मात्र जसाच्या तसा. पंख्याला बारा व्होल्टच जातात, बाहेर काहीही असो, हे मलाही माहीत होतं. तरी अंगणातल्या प्लगवरून वायर ओढून पाहिली. घूं. डोकं चालेना.

शेवटी डब्बा पोत्यात गुंडाळला आणि बसने सौसरला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात जाणं म्हणजे माझ्यासाठी हार... पण आईची दुपार अडली होती. दुकानदाराने काउंटरवर डब्बा चालू केला, कान लावला, माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आवाज कुठी हाय?"

नव्हताच! वीस मिनिटं चालू ठेवला, चहा आला, आवाज आला नाही. वर तो म्हणाला, "इतकं सायलंट तर कंपनीचं बी नाई राहत. विकता का? बारा हजार देतो." मी डब्बा पुन्हा पोत्यात घातला. परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ तो मांडीवर होता आणि मला एवढीच शंका होती की वेडा डब्बा आहे की मी.

घरी आलो, जागेवर ठेवला. घूंऽऽऽ.

ही जागा म्हणजे बैठकीतली, बायकोच्या माहेरून आलेली मोठी लोखंडी पेटी. राउटर तिच्याच वर भिंतीला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आलं म्हणून आई खाटेवरून उठली आणि पेटीवरच दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

आवाज थांबला.

"आई, ऊठ जरा." उठली. घूं. "बस." थांबला. "ऊठ..."

"काऊन बावा, शाळेतल्या पोरावानी उठाबशा काढून राहिला का माह्याकडून?" आई चिडली. मग तिचं तिलाच काही वाटलं. तिनं पेटीचं झाकण बोटांनी वाजवून पाहिलं. "रिकामी हाय न हे. थंडी पडली तशा साऱ्या वाकया तुया बायकोनं बाहीर काढल्या. तुये बाबा काय सांगत? ढोलकी पोट रिकामं म्हणून बोलते."

वाकया म्हणजे गोधड्या. दिवाळीत पेटी त्यांनी गच्च भरलेली होती. पंखा थरथरत होता जेमतेम, घुमत होती ती खालची रिकामी पेटी... आणि मी आठ दिवस वीज मोजत होतो! बायको दारात उभी होती. या वेळी ती "हो का?" सुद्धा म्हणाली नाही.

आता डब्ब्याखाली ट्यूबचे चार जाड पाय आहेत. तरी आई रोज सकाळी आपली वाकय घडी करून पेटीत टाकते, तिचा माझ्या रबरावर विश्वास नाही. दुपारी बाबा खोकतात, पाणी मागतात. कान कसे लावायचे हे बावीस वर्षं पंपावर राहून मी शिकलो नव्हतो, ते बाबांनी आईला कधीच शिकवून ठेवलं होतं.

काल सौसरहून दुकानदाराचा फोन आला. डब्बा अजून त्याच्या डोक्यात होता. मी नाही म्हटलं. अठरा हजार म्हणत होता.