एकाच रकान्यातली दोघं

निवृत्त माणसांना मुलांसोबत राहण्याबद्दल काय वाटतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. पद्धत सोपी होती. तीस कार्डं, प्रत्येकावर एक वाक्य. समोरच्यानं ती मोठ्या तक्त्यावर 'मुळीच पटत नाही'पासून 'एकदम पटतं'पर्यंतच्या रकान्यांत मांडायची. मी फोटो काढायचा, आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे, की झालं माणसाचं मत तयार.

आमच्या शहरात पेठेच्या मागच्या गल्लीत माळशिरसहून आलेलं एक जोडपं राहायचं. काका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यात नोकरीला. मी दोघांना वेगवेगळ्या दिवशी बसवलं होतं, तरी मांडणी जवळजवळ सारखी आली. मला अगदी भरून आलं. 'दीर्घ सहजीवनातून घडलेलं एकमत' अशा मथळ्याखाली मी दीड पान लिहूनही टाकलं.

मार्गदर्शक मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. "असं का मांडलं, हे विचारलंस त्यांना?"

"मॅडम, मांडणीच इतकी स्पष्ट आहे..."

"जा, विचारून ये."

मी परत गेले. एकाचं उत्तर दुसऱ्याला कळणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि आधी बाहेरच्या खोलीत काकांसमोर बसले. 'निवृत्त पुरुषानं घरकामात मदत करावी' हे कार्ड त्यांनी 'मुळीच पटत नाही'मध्ये टाकलं होतं. मी त्यांना जुन्या वळणाचे ठरवून मोकळी झाले होते.

"मदत?" काका म्हणाले. "मदत पाव्हणा करतो. मी जबाबदारी घेतो. सैपाकघराचा समदा कारभार मीच लावून दिलाय की."

मग मी आत काकूंकडे गेले. फळीवरच्या प्रत्येक डब्याला नंबराची चिठ्ठी होती आणि भिंतीवर यादी. काकू चष्मा लावून यादीत मीठ शोधत होत्या. त्यांनीही ते कार्ड त्याच रकान्यात टाकलं होतं.

"करूच नये मदत," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून मीठ सापडायचं मला. आता सतरा नंबर. गेल्या म्हैन्यात नऊ व्हता."

'म्हातारपणी मुलांजवळ राहणं चांगलं' हे दोघांना एकदम पटलं होतं. काका मला म्हणाले होते, "दोघंबी जाऊ पुण्याला. हिच्याबी मनात त्येच हाय."

काकू म्हणाल्या, "चांगलंच हाय की. ह्यांनी जावं. मी हितंच बरी."

"पण काकू, कार्डावर तर..."

"तुमच्या कारडावर कुणी ऱ्हायचं, ते कुटं लिवलंय?"

मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. खरंच लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मला ऐकू येतंय बरं का समदं!"

स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता. सह्यांचा कागद माझ्याच पिशवीत होता. मला वाटलं, आता माझ्यामुळे ह्या वयात भांडण होणार.

काकूंनी मात्र आवाजसुद्धा खाली आणला नाही. "ऐका की मग. ह्या पोरीनं इचारलं म्हणून सांगितलं. तुमी कदी इचारलं?"

मग काका पडदा सारून आत आले. कधी फळीकडे, कधी यादीकडे बघत राहिले.

"मग मीठ कुटं ठिवू?"

"व्हतं तितं. शेगडीजवळ."

काकांनी डबा खाली घेतला आणि नखानं चिठ्ठी खरवडायला लागले. ती काही केल्या निघेना. काकूंनी ओलं फडकं पुढं केलं. "पुण्याचं बगू मग," काका डब्याकडेच बघत म्हणाले. काकूंनी चहा टाकला, त्यात आलं जरा जास्त पडलं.

माझं दीड पान गेलं. बाकीच्या सगळ्यांकडेही भर उन्हाळ्यात परत जावं लागलं. त्यातल्या एका आजोबांना मी विचारलं, बहुतेक सगळी कार्डं 'एकदम पटतं'कडे का ठेवलीत? ते म्हणाले, "त्या अंगाला पंख्याचं वारं कमी लागत हुतं, कारडं उडत नव्हती."

"हेही लिही," मॅडम म्हणाल्या.