हवेला वाट ठेवली

आधी कुरकुर झाली, मग कडाड् कडाड्, आणि शेवटी जाड माणूस जुन्या खाटेवर बसावा तसा एक दणका. आता तुमच्यापासून काय लपवू? त्या आवाजाला घाबरून मी जे करून बसलो, ते आठवलं की अजून हातातला चहा गार होतो.

उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत मी शिपाई होतो. आवाज आला तो विज्ञानाच्या वर्गातून. शबाना बाईंनी डब्यात थोडं पाणी उकळलं, डबा स्टोव्हवरून उतरवून झाकण घट्ट लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. बघता बघता डब्याचा चेपून गोळा झाला. आतली वाफ निवली, आत काही उरलं नाही, म्हणून बाहेरच्या हवेनं तो दाबला, असं त्या पोरांना सांगत होत्या. मी दारातून ऐकलं. मला एवढंच कळलं, की चांगला डबा गेला.

बाई रोज खुलताबादहून गाडीनं यायच्या. वडील गेलेले, घर त्यांच्यावर, आणि नोकरी कच्ची. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांना पाठ पसंत पडला तर बाई कायम, नाहीतर घरी. म्हणून ही तालीम चालली होती.

मला म्हणाल्या, "मामा, साहेबांसमोर हाच प्रयोग करायचाय. घट्ट झाकणाचे दोन डबे आणाल? एखादा दगा देईल."

"आणतो की. तुम्ही घोर करू नका," मी म्हणालो.

आता माझं शिक्षण सांगतो. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत शाळा सुटली ती सुटलीच. गुलमंडीत तेलाच्या दुकानात कामाला लागलो. तिथं डबा फोडायचा एक कायदा होता. तोंडाच्या समोरच्या कोपऱ्यात खिळ्यानं दुसरं भोक पाडायचं. त्यातून हवा आत जाते आणि तेलाची धार सरळ पडते. विसरलात तर तेल घळक् घळक् करत गिऱ्हाइकाच्या धोतरावर, आणि शेटजींचा हात तुमच्या कानावर. "हवेला वाट ठेव रे," एवढंच ते शिकवायचे. शाळेत आलो तरी डबा दिसला की माझा हात खिळा शोधायचा.

त्यात बाईंचा तो चेपलेला डबा डोळ्यांसमोर. उद्या बाईंच्या हातात असलं काही फुटलं म्हणजे? मी करडईच्या तेलाचे दोन रिकामे डबे आणले, राखेनं घासले, आणि दोन्हींना वर कडीखाली, कुणाला दिसणार नाही असं, जाड खिळ्यानं भोक पाडलं. मग कुठं जिवाला बरं वाटलं.

साहेब आले, खुर्चीत बसले. बाईंनी पाणी उकळलं, झाकण लावलं, पोरांना डब्याकडेच बघायला सांगितलं आणि गार पाणी ओतलं. पोरं डब्याकडे बघत राहिली. डबा पोरांकडे बघत राहिला. बाईंनी आणखी एक कळशी ओतली. पाणी फरशीवरून साहेबांच्या बुटांपर्यंत गेलं.

साहेबांनी पाय वर घेतले. "आज हवा रजेवर आहे का, बाई?"

बाई पुन्हा कळशीकडे वळल्या. मला ते बघवेना.

"बाई, घाबरू नका," मी दारातून म्हणालो. "आज तो चेपत नसतो. मी भोक पाडून ठेवलंय."

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. माणूस चांगला होता हो. म्हणाले, "ठीक आहे. दुसरा डबा आहे का?"

बाईंचा चेहरा उजळला. "आहे ना, साहेब. मामा, आणा लवकर."

मी जागचा हललो नाही.

"मामा?"

"त्यालाबी पाडलंय, बाई."

"पण का?" आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आला असेल.

"एखादा दगा देईल म्हणला होतात. म्हणून दोन्हींचा बंदोबस्त केला."

साहेबांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं. ते उठले. बाई कायम झाल्या नाहीत, हे पुढं कळलंच. पण त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर मी फरशी पुसत होतो, आणि बाईंनी तो डबा उचलला. कडीखाली बोट फिरवलं. बोट भोकावर थांबलं.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "एक बरं झालं, बाई. डबा शाबूत राहिला. घरी तेलाला न्या. धार लई सरळ पडती."

बाईंनी डबा हळूच टेबलावर ठेवला, पदर सावरला, आणि निघून गेल्या.