हाव म्हणणारी बाई

बहिऱ्या माणसाशी जग दोनच प्रकारे बोलतं. एक तर त्याच्या कानात बोंबलतं, नाहीतर त्याच्या पाठीमागे कुजबुजतं. मधला आवाज आमच्यासाठी कोणी शिल्लक ठेवलेलाच नाही. त्यातही बोंबलणारे मला जास्त नावडतात. बोंबलताना ते तोंड इतकं वेडंवाकडं करतात, की ओठांवरून जे थोडंफार कळलं असतं तेही कळत नाही. वरून थुंकी उडते ती वेगळीच.

अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, वर पत्रा आणि पुढे ओल्या पोत्यांवर मांडलेली शेवंती, झेंडू, गुलछडी. गावाबाहेरचा मळा मुलगा पाहतो. ओट्यावर एक पाट आहे. आधी त्यावर सासू बसायची, तिच्यानंतर मी. त्या पाटावर बसून मी हार ओवले, भाव ठरवले, पोरं मोठी केली, नवरा गेल्यावर तेराव्यानंतर पुन्हा तिथंच येऊन बसले. हे सगळं लिहितेय ते त्या पाटासाठी. तो माझ्या बुडाखालून काढून घेतला आणि मी तो परत घेतला, एवढंच. कोणी याला 'प्रेरणादायी' वगैरे म्हटलं तर हाराची सुई टोचीन.

कान चाळिशीनंतर जायला लागले. त्या वयातली मी आठवली की आजही पोटभर हसते. काय तिची ऐट! एका शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. शिबिर म्हणजे काय, मांडवात ओळीनं बसवलं, सगळ्यांच्या कानात एकाच मापाचं एकसारखं यंत्र खुपसलं, पाहुण्यांबरोबर फोटो काढले, आणि पाहुण्यांची गाडी वळायच्या आत निम्म्या लोकांची मशीनं शिट्ट्या मारायला लागली. कानाला काय हवंय हे विचारायला कोणी थांबलं नाही. चष्मे असे वाटले असते तर गावात रोज टकरा झाल्या असत्या.

पण बाईंचं दुखणं ते नव्हतं. बाईंचं दुखणं होतं, मशीन दिसतं! म्हणून या शहाणीनं, जिनं सासूसमोरसुद्धा कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता, तिनं एकाएकी पदर घ्यायला सुरुवात केली. नात्यातल्या म्हाताऱ्या खूश. "पाय बरं, वय झालं तशी कशी मर्यादेची झाली," असं एकमेकींना सांगत. इकडे पदर मशीनवर घासून कानात अखंड खरखर. मर्यादेपायी मला कोणाचंच बोलणं ऐकू येईना. शेवटी मशीन कपाटात गेलं, पदर खांद्यावर आला, आणि म्हाताऱ्या म्हणाल्या, "बिघडली."

मग तिनं दुसरी विद्या कमावली. मुंडी हलवायची. समोरच्याचा चेहरा लांब असेल तर "देवाची मर्जी". चेहरा फुललेला असेल तर "बरं झालं बाई". आणि काहीच अंदाज येईना तेव्हा नुसतं "हाव", म्हणजे आमच्याकडचं 'हो'. एकदा शेजारीण गालाला हात लावून, तोंड आंबट करून काहीतरी सांगत होती. मी सुस्कारा सोडून म्हटलं, "देवाची मर्जी. जेवढं नशिबात तेवढंच." नंतर कळलं की तिच्या मुलाला नोकरी लागली होती आणि तिची दाढ दुखत होती. दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मला त्याचा उलट आरामच वाटला, एक चेहरा वाचायचा वाचला.

हा आराम गेल्या वैशाखात संपला.

लग्नसराई होती. सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच एक माणूस आला. पांढरे स्वच्छ कपडे, मागे मोटारसायकलवर दोघे. मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. ओठांवर अशी झुपकेदार मिशी की आत ओठ आहेत हे देवाच्या भरवशावर मानायचं. (मिशीवाल्यांबद्दल माझं मत तेव्हापासूनच वाईट आहे.) त्यानं गुलाबाच्या जाड हाराकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी 'मोठा' अशी खूण केली. झालं. वैशाख, पांढरे कपडे, गुलाबाचा मोठा हार. बाईंनी हिशेब मांडला आणि तोंडभर हसून विचारलं,

"नवरदेव केवढा उंच हाये?"

आमच्या धंद्यात हे विचारावंच लागतं. हार गुडघ्यापर्यंत यावा, पायात येऊ नये. तो माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. मला वाटलं, लाजला. मी आणखी म्हटलं, "सांग ना लेका, तुह्यायेवढा का तुह्याहून उंच?"

त्याचे वडील पहाटे गेले होते.

मुलगा ओट्यामागून धावत आला, हात जोडले, हार दिला. मला तोवर काहीच कळलं नव्हतं. मी आपली मागून ओरडले, "या बरं पुन्हा!" मयतीच्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत, हे आमच्याकडे परकर घालणारी पोरसुद्धा जाणते.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या रस्त्यावर झाली. समोरचा नारळवाला माझ्याकडे पाहून डोळे पुसत होता. दुःखानं नव्हे. संध्याकाळी मुलानं माझ्यासमोर बसून, तोंड वासून, एकेक शब्द फेकत सांगितलं,

"माय! आता! तू! घरीच! राय! आराम! कर!"

"दुकानात कोण बसन?"

"हे बसन नं," म्हणत त्यानं सुनेकडे बोट केलं. सून जमिनीकडे पाहत होती. तिला तरी काय बोलणार, तिनं कधी हाराला धड गाठ मारली नव्हती.

आराम ही फार हलकट गोष्ट आहे. सकाळी सगळे फुलांच्या टोपल्या घेऊन निघून जायचे आणि मी घरात भिंतीवरच्या पालीबरोबर आराम करायचे. रात्री जेवताना सगळे हसायचे. मी विचारायचे, "काय झालं?" तर उत्तर यायचं, "काही नाही, माय." या "काही नाही"चा मला जेवढा राग आहे तेवढा मिशीचाही नाही. चार माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात आणि म्हणे काही नाही.

माझी लेक अकोल्याला दिली आहे. ती मे महिन्यात मला घेऊन गेली. तिच्या घराजवळच्या शाळेत महिन्यातून एका रविवारी कमी ऐकू येणाऱ्यांची बैठक भरते म्हणाली.

"माय, चाल तर खरी. तुह्यासारखेच लोक असतात तठी."

"माह्यासारखं कोणी नसते."

"मंग पाहून ये, खरंच नसते का."

गेले. चौथीच्या वर्गातली बुटकी बाकं, त्यावर गुडघे छातीला लावून बसलेली म्हातारी माणसं. काही तरुणही होते. पुढे एक निवृत्त सर बोलत होते. त्यांच्या कानातही मशीन होतं, पण चेहरा असा प्रसन्न की बघून चीड यावी. सुरुवातीला ते म्हणाले, हसत राहा. एवढं मला समजलं, कारण फळ्यावर तेच लिहिलं होतं. मनात म्हटलं, माझा पाट गेला आणि मी हसत राहू? मग ते पुढे बोलायला लागले आणि मी माझी कमावलेली विद्या काढली. मुंडी हलवली. हाव. हाव.

शेजारी एक बुरखेवाली बाई बसली होती. बुरख्याचा पडदा वर, हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. माझ्याच वयाची. तिनं माझ्या मांडीवर टिचकी मारली.

"बाई, सर अब्बी क्या बोले?"

"चांगलं बोलले."

"चांगलं नई. क्या बोले?"

मी फळ्याकडे पाहिलं. "हसत राहा म्हणाले."

"वो तो कब का हो गया. बैटरी भीगी तो क्या करना, वो बता रहे थे." मग सगळ्या वर्गासमोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "झूठी!"

माझं डोकं फिरलं. "तुमी कोण मले झूठी म्हणणाऱ्या?"

"मैं बी झूठी. दस साल." तिनं छातीवर हात ठेवला. "चूडी का दुकान है मेरा. जो बोले उसको हाव, हाव. दुल्हन की चूडी बेवा को दी, बेवा की दुल्हन को. तू क्या बेचती?"

"हार."

ती एवढंच म्हणाली, "या अल्ला." कळलंच असावं.

मग ती उठली, तरातरा भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण बंद केलं. अकोल्यात. मे महिन्यात. भर दुपारी. वर्गात असा गलका उठला की बहिऱ्यांचा म्हणून खरा वाटू नये. एक आजोबा म्हणाले, "मारता काय बाई आमाले?" पण पंख्याची घरघर थांबली आणि पहिल्यांदा मला सरांचा आवाज, शब्द नव्हे पण आवाज, वेगळा ओळखू आला. नंतर कळलं की हे इथं दर वेळी चालतं. कोणाला बोलणं कळेना की पंखा बंद, बोलणारा बसला की चालू. त्यामुळे कोणी लांबड लावत नाही. आमच्या सभा-समारंभांना हा नियम लावावा.

त्या बैठकीत दुसरा एक नियम होता आणि तो पंख्याहून जाचक होता. मुंडी हलवायची नाही. हलवली, तर समोरचा काय म्हणाला ते त्यालाच परत सांगायचं. नसेल समजलं तर "नाही समजलं, पुन्हा सांगा" असं मोठ्यानं म्हणायचं. मला त्या दिवशी हे बारा माणसांसमोर म्हणावं लागलं. लाजेनं घामाघूम झाले. अर्थात पंखाही बंद होता.

"दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक पळून जाईन," मी बांगडीवालीला म्हटलं.

"जाने दे. जो रुका वो अपना."

घरी येताना लेकीला सांगितलं, पुन्हा येणार नाही, त्या भांडकुदळ बाईचं तोंडही पाहणार नाही. पुढच्या महिन्यात बैठकीच्या रविवारी अमरावतीहून सकाळची गाडी पकडून गेले. भांडायचं राहिलं होतं.

त्याच बाईनं मला मशीनवाल्याकडे नेलं. त्यानं कपाटातलं माझं जुनं यंत्र पाहिलं आणि म्हणाला, हे तुमच्या कानाचं नाहीच. कानाचा साचा घेतला, नवं मशीन माझ्या कानापुरतं बसवलं, दोनदा बोलावून आवाज कमीजास्त केला. सगळ्यांना वाटतं की मशीन लावलं की मधुर सूर कानी येतात. मला सगळ्यात आधी प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुराट ऐकू आला, मग माझं स्वतःचं चावणं, मग सुनेनं आपटलेली भांडी. जग एवढं गचाळ वाजतं हे मी विसरले होते. आणि तरीही गर्दीत निम्मं सुटतंच. डावा कान थोडं देतो, उजवा तर कधीच संन्यास घेऊन बसलाय.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी मी पहाटे आंघोळ करून, केस वर बांधून, मशीन साऱ्या गावाला दिसेल असं घालून ओट्यावर गेले. सून पाटावर होती. मला पाहून ती इतक्या चपळाईनं उठली की तिलाही तो टोचत असावा.

"माय, आज नोको," मुलगा म्हणाला. "आज लय गर्दी हाये. कोणाचं काय ऐकशीन तू?"

"जे ऐकू नाही येणार ते पुन्हा विचारीन."

"लोक हसतीन."

"वैशाखात पोटभर हसले. आता काय उरलं?"

त्यानं अट घातली, बस, पण मयतीचं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठव. मी म्हटलं, बसीन तर पूर्ण बसीन, नाहीतर मळ्यात जाऊन निंदण करीन आणि मजुरी तुह्याकडूनच घेईन. मी पाटावर बसले.

पहिली आली ती एक कॉलेजातली पोरगी. मोबाइलमध्ये पाहत बोलली. जुनी बाई आतून म्हणत होती, म्हण हाव, दे शेवंतीची वेणी, बला टळेल. मी घसा साफ केला आणि रांगेतल्या सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हटलं,

"मले कमी ऐकू येते. माह्याकडे तोंड करून सांग."

रांग थबकली. पोरीनं मोबाइल खाली केला आणि किंचाळली, "आजी! घटाची! माळ! पाहिजे!"

"बोंबलू नोको. बहिरी हाये, मेली नाही. घटाची माळ, बरोबर? झेंडूची?"

"हो."

"किती हात?"

तिनं साध्या आवाजात सांगितलं. मी तिचंच तिला परत सांगितलं, तिनं मान डोलावली, माळ घेतली, गेली. मागच्या बाईनं तर आधीच माझ्यासमोर वाकून, ओठ नीट हलवत सांगायला सुरुवात केली. दोघं-तिघं कंटाळून शेजारच्या ओट्यावर गेले. मी त्यांच्या पाठीला पाहून घेतलं, चेहरे लक्षात ठेवले. दहा वाजेपर्यंत हात दुखायला लागले, दोनदा बिनसलं, एकदा भांडण झालं. माझ्या चुकीनं नव्हे, त्या बाईला हार वाकडा वाटत होता. तिचीच मान वाकडी होती.

मग मुलगा मागून काहीतरी म्हणाला. मी ओवता ओवता थांबले.

"पाठीमागून नोको बोलू. समोर ये."

इतक्या लोकांत तो चरफडला. पण पोत्यांना वळसा घालून, गिऱ्हाइकांतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. डोळे माझ्या डोळ्यांत घालून, न ओरडता विचारलं,

"शेवंती संपत आली, माय. मळ्यातून आणू का बजारातून घेऊ?"

"शेवंती संपत आली, मळ्यातून आणू का बजारातून, असंच ना?"

"हाव."

"मळ्यातून. आणि बसून काय राह्यला? जाय."