पांढऱ्या धुराचा वास

आखातातल्या फुजैराच्या इंडस्ट्रियल भागातल्या गॅरेजमध्ये भिकाजी गुरव रोज साडेसहाला पोचायचे आणि पाना हातात घेण्याआधी एक काम करायचे. फडक्याचे टोक पेट्रोलमध्ये बुडवून ते नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मनात दहापर्यंत मोजायचे. दहा आकडे व्हायचे. वास यायचा नाही. मग फडके घडी करून खिशात.

जानेवारीत त्यांना आठ दिवस ताप आला होता. ताप गेला, भूक परतली, नाक मात्र परतले नाही. आता डिसेंबर उजाडला होता. खोलीवरच्या कोणालाही त्यांनी हे सांगितले नव्हते. एकदा डाळ पार करपली तरी ते शेजारीच बसून राहिले, तेव्हा सगळे हसले, "भिकाजीभाऊ, झोपला होता काय?" त्यांनीही हसून घेतले.

सांगणार तरी कसे? राजापूरजवळच्या गावातून तेविसाव्या वर्षी आलेल्या या माणसाने चौतीस वर्षांत जे नाव कमावले, ते नाकावरच. गाडीचा धूर काळा असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पिते आहे, निळा असेल तर तेल जळते आहे, एवढे कोणीही सांगेल. पांढरा फसवा. थंड सकाळी सायलेन्सरमध्ये साठलेले दव वाफ होऊन निघाले तरी तो पांढरा, आणि रेडिएटरमधले कूलंट इंजिनच्या आत झिरपून जळत असले तरी पांढराच. पण कूलंट जळले की गोडसर वास येतो. भिकाजी सायलेन्सरमागे उकिडवे बसायचे, तळहाताने थोडा धूर नाकाकडे ओढायचे आणि काय ते सांगून मोकळे व्हायचे. मालक यूनुसने महागडे तपासणी यंत्र आणले, तरी गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "मशीन बाद में, पहले भिकाजीभाई की नाक."

फेब्रुवारीत शाळेत शिकवणारी मरियम तिची रुपेरी गाडी घेऊन आली होती. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, सकाळी पांढरा धूर येतो, अशी तक्रार. भिकाजी सवयीने मागे बसले, धूर ओढला. वास आला नाही. आणि वास येत नाही म्हणजे नुसती वाफच, असे त्यांनी ठरवून टाकले. नाकच गेले आहे, हा विचार त्या घडीला त्यांना शिवला नाही. प्लग बदलून त्यांनी गाडी परत दिली.

आठव्या दिवशी मसाफीच्या डोंगररस्त्यावर त्या गाडीचे इंजिन उकळून बंद पडले. मागे तिची दोन मुले बसली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून तिघे वाचले. क्रेनने आणलेल्या गाडीपाशी उभा राहून यूनुस म्हणाला, "मॅडम, टेम्परेचर का काँटा देखना था ना." मरियम खाली मान घालून म्हणाली, "शायद मैंने देखा नहीं." तिचा नवरा तिच्याकडे एकदाच बघून बाहेर निघून गेला. भिकाजी तीन पावलांवर हात पुसत होते. त्या दिवशी वास का आला नव्हता, हे त्यांना आता उमगले, तरी ते हात पुसतच राहिले. मरियमने त्यानंतर गाडी चालवणे सोडले, हे त्यांना पुढे कळले. शाळेच्या बसथांब्यावर ती उभी दिसली की ते पलीकडच्या बाजूने जाऊ लागले.

आणि आता जुन्या गिऱ्हाईक उर्मिलावहिनींची जीप समोर उभी होती. त्यांचे यजमान अरुण बंदरावरच्या टर्मिनलमध्ये नोकरीला. मुलगी सान्वी दुबईला शिकत होती. तिला सुट्टीसाठी घरी आणायला वहिनी त्याच दुपारी निघणार होत्या. चौदा वर्षांची गाडी. तक्रार तीच: उभी असताना थरथर, सकाळी पांढरा धूर. गार इंजिन सुरू करून बघायचे म्हणून भिकाजींनी ती रात्रभर गॅरेजमध्येच ठेवायला सांगितली होती.

पावणेआठला चावी फिरली. इंजिन एकदा अडखळले, मग लागले, आणि आरसे थडथडू लागले. मागून पांढरा धूर निघाला. यंत्र जोडून यूनुस म्हणाला, "तीन नंबर सिलिंडर मिसफायर. कॉइल बदलो, प्लग बदलो, खलास. मॅडम को जाना है."

"भिकाजीभाऊ, यल्ला, सांगा लवकर," वहिनी हसत म्हणाल्या. "सान्वीचे तीन मेसेज आलेत, मम्मा डोन्ट बी लेट. तुमचं नाक काय म्हणतंय?"

भिकाजी उकिडवे बसले. धूर तळहातावर घेतला. दमट, कोमट. पुढे काहीच नाही. ठिणगी पाडणाऱ्या नव्या कॉइलने थरथर चार दिवस कमी होईल, हे त्यांना ठाऊक होते. ते चार दिवस डोंगर उतरेपर्यंत पुरतील की नाही, हे मात्र ठाऊक नव्हते.

ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच म्हणाले, "वहिनी, जरा इकडे या. धुराचा वास घ्या आणि मला सांगा."

"मी? अहो, माझा काय संबंध! तुम्ही असताना?"

"मला येत नाही वास."

"सर्दी झाली का?"

"नाही. जानेवारीपासून येत नाही. कसलाच."

वहिनींचे हसू गेले. यूनुसला मराठी फारशी कळत नसे, पण एवढे कळले. त्याने यंत्र खाली ठेवले.

वहिनी ओढणी सावरून वाकल्या. "धुराचाच आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा वाकल्या. "थांबा हं. गोडसर आहे काहीतरी. पाक करपायला लागला की येतो ना, तसा."

"नक्की?"

"अहो, दर दिवाळीला करपतो माझा. मला नाही कळणार?"

भिकाजींनी इंजिन बंद केले, गार होऊ दिले आणि चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तीन तपकिरी होते. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र वाफेने धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. रेडिएटरवर दाबाचा पंप लावला, तर काटा हळूहळू खाली उतरू लागला आणि जमिनीवर एक थेंबही नव्हता. पाणी आतच जात होते.

"हेड गॅस्केट गेलंय, पाणी अडवणारी पट्टी फाटली," ते म्हणाले. "ही गाडी डोंगरावर न्यायची नाही. तुम्ही बसने जा."

वहिनी गेल्या. जाताना भिकाजींच्या खांद्याला हात लावून गेल्या.

यूनुसने यंत्राची वायर गुंडाळली. मग हळू विचारले, "वो सिल्वर गाड़ी?"

"वो मेरी गलती थी. काँटे की नहीं, मेरी. मुझे उसका नंबर दो."

"भाई, गाड़ी तो कबाड़ में गई. अब बोलके क्या? गॅरेज का नाम..."

"नंबर दे, यूनुस."

यूनुसने फोन काढला, नंबर शोधला आणि पुढे धरला. मग स्वतःच शटर अर्धे खाली ओढले, रस्त्याचा आवाज कमी व्हावा म्हणून.

मरियमने चौथ्या घंटीला फोन उचलला. भिकाजींनी मोडक्या हिंदीत सगळे सांगितले: ताप, नाक, धूर, प्लग. "आपने काँटा देखा, नहीं देखा, उससे पहले का कसूर मेरा है, बहनजी. गाड़ी मैंने गलत पास की."



"दस महीने," ती म्हणाली. "दस महीने से मैं रोज़ सोचती हूँ, बच्चे मेरे हाथ से मर जाते." मग तिने विचारले, "यह बात आप मेरे शौहर को बोलेंगे? आप खुद?"

"बोलूँगा."

"रुकिए. फ़ोन मत रखना."

तिच्या चपलांचा आवाज दूर गेला. कुठेतरी दार उघडले. भिकाजींनी खिशातले फडके काढून कपाळ पुसले. यूनुस समोर येऊन स्टुलावर बसला.

"हॅलो, कौन?" पुरुषाचा आवाज आला.

"मैं भिकाजी गुरव, गॅरेज से," ते म्हणाले, आणि जानेवारीच्या तापापासून पुन्हा सांगायला लागले.